केडगावच्या रमाबाई

शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू पंगतीतून उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. योहानाच्या शुभवर्तमानात ही हकिकत आहे. पेत्राला ते पटेना. गुरूने चाकराचं काम कसं करावं? ख्रिस्ती पुढारीपणाची कसोटी इथेच लागते.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल, तर पुणे जिल्ह्यातलं केडगाव आठवा. पंडिता रमाबाई म्हणजे संस्कृतच्या गाढ्या विदुषी. कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिलेली. तो मान मिरवत त्या आरामात राहू शकल्या असत्या. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली, बायका सोबत घेऊन आल्या. आईवडील त्यांनी स्वतः दुष्काळातच गमावले होते. भूक त्यांना नुसती ऐकून माहीत नव्हती. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये या बायका शेती, विणकाम शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या.

मला मात्र त्यांची खरी नम्रता बायबलच्या भाषांतरात दिसते. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी वर्षानुवर्षं ते काम केलं, आणि भाषा निवडली खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशी. एवढ्या पंडितेने आपली पंडिती बाजूला ठेवायची, हे सोपं नाही हो! रमाबाई १९२२ साली गेल्या, तोवर ते भाषांतर हातावेगळं झालं होतं.