प्युरिटन पंथाचा उगम आणि त्यांची धर्ममते
(आंबागड, जि. भंडारा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डॉ. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिभेदाच्या निर्मूलनावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. राजकीय क्रांतीच्या आधी धार्मिक व सामाजिक क्रांती व्हावी लागते, हे दाखविण्यासाठी त्यांनी त्यात जी उदाहरणे दिली, त्यांत भगवान बुद्ध आणि चंद्रगुप्त आहेत, महाराष्ट्रातील संत आणि शिवाजी महाराज आहेत. तसेच इंग्लंडातील प्युरिटन लोकही आहेत. पहिल्या दोहोंचा परिचय आपणांस आहे. तिसऱ्यांचा थोडक्यांनाच असेल, म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

'प्युरिटन' हा शब्द कुचेष्टेतून जन्मला. आपण एखाद्याला 'मोठा सोवळा आला' म्हणतो, तसाच. मात्र त्यांचे सोवळे शिवाशिवीचे नव्हते, उपासनेचे होते. १५३४ साली आठव्या हेन्री राजाने रोमच्या पोपची सत्ता झुगारली आणि तो स्वतःच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला. धनी बदलला, घर तेच राहिले. पुरोहिताचा पांढरा झगा, क्रुसाची खूण, बिशपांची उतरंड, सारे बहुतांशी कायम राहिले. १५६० नंतरच्या दशकात काही धर्मोपदेशकांनी तो झगा घालण्यास नकार दिला. बायबलात ज्याला आधार नाही ते उपासनेतून काढून टाका, अशी त्यांची मागणी होती. वाद कपड्याचा दिसतो, पण मूळ प्रश्न अधिकाराचा होता. धर्मात शेवटचा शब्द कोणाचा? राजाचा, बिशपाचा, की ज्याच्या हाती ग्रंथ आहे आणि ज्याला तो वाचता येतो त्या साध्या माणसाचा?

जिनीव्हाच्या कॅल्व्हिनकडून त्यांनी आणखी एक मत घेतले. कोणाचा उद्धार होणार हे ईश्वराने आधीच ठरविले आहे, माणसाच्या पुण्याईने त्यात फरक पडत नाही, असे ते मत. आपल्या कानांना हे पूर्वसंचितासारखे वाटेल, आणि बुद्धाच्या शिकवणीशी तर त्याचा मुळीच मेळ नाही. तरी एक भेद ध्यानात घ्या. ही निवड कुळावरून होत नव्हती. राजा नाकारलेला असू शके आणि भांडी सांधणारा निवडलेला. जॉन बन्यन हा असाच भांडी सांधणारा होता. परवानगीवाचून प्रवचन केले म्हणून १६६० साली त्याला बेडफर्डच्या तुरुंगात घातले; तो बारा वर्षे तेथे होता. आपल्या डोक्यावरचा हा आंबागडही भोसल्यांच्या काळी तुरुंगच होता, तेव्हा दगडी भिंतीआडची बारा वर्षे म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. बन्यनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' या ग्रंथाचे 'यात्रिकक्रमण' हे मराठी भाषांतर एकोणिसाव्या शतकातच झाले.

यांच्यातील काहींना चर्चची सुधारणा होईल ही आशाच उरली नाही. स्क्रूबी नावाच्या खेड्यातील अशी मंडळी प्रथम हॉलंडला गेली, आणि १६२० साली त्यांच्यापैकी काही इतर प्रवाशांसह 'मेफ्लॉवर' जहाजाने अमेरिकेला निघाली. जहाजावर १०२ उतारू होते. पहिल्या हिवाळ्यात त्यांपैकी सुमारे निम्मे मेले. १६३० पासून मोठा लोंढा मॅसॅच्युसेट्सला गेला. तेथे मंडळीचे सभासद आपला उपदेशक स्वतः निवडीत. ग्रंथ प्रत्येकाने वाचावा म्हणून १६४७ साली कायदा झाला, की पन्नास कुटुंबांच्या गावाने लिहिणे-वाचणे शिकविणारा शिक्षक नेमावा. आमच्या देशात ज्यांनी वेद ऐकला त्यांच्या कानांत शिसे ओतावे असे धर्मसूत्र सांगते, त्याशेजारी हा कायदा ठेवून पाहा.

परंतु मी येथे त्यांची आरती ओवाळावयास आलेलो नाही. स्वतःच्या विवेकासाठी घरदार सोडणाऱ्या या लोकांनी दुसऱ्याच्या विवेकाला जागा दिली नाही. धर्माच्या बाबतीत शासनाने हात घालू नये असे म्हणणाऱ्या रॉजर विल्यम्सला त्यांनी हद्दपार केले. मेरी डायर ही क्वेकर पंथाची बाई हद्दपारीनंतरही परत आली, म्हणून १६६० साली तिला बोस्टनमध्ये फाशी दिले. १६३७ च्या युद्धात पकडलेल्या पीकॉट आदिवासींपैकी काहींना गुलाम म्हणून विकले. १६९२ साली सेलम येथे चेटकाच्या आरोपावरून एकोणीस माणसे फासावर गेली. ज्यांनी जुना धर्म टाकला आहे, त्यांनी, म्हणजे आपण, हा भाग गाळून पुढे जाता कामा नये. छळ सोसल्याने माणूस आपोआप न्यायी होत नाही. पुढे वंशजांनी बदल केला, पण सावकाश. मॅसॅच्युसेट्समधून सरकारमान्य चर्च गेले ते १८३३ साली.

याच परंपरेतील काँग्रिगेशनल मंडळींनी १८१० साली परदेशी मिशनसंस्था स्थापिली, आणि १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट मुंबईस उतरले. कंपनी सरकार त्यांना परत पाठविण्याच्या खटपटीत होते. ते चिकटून राहिले. या मिशनचे एक मोठे ठाणे अहमदनगर झाले. तेथील मिस् फॅरार यांच्या मुलींच्या शाळेवरून जोतीराव फुल्यांना पुण्यात तशी शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, आणि १८४८ साली ती निघाली. सावित्रीबाईंच्या शिक्षिकेच्या प्रशिक्षणाशीही फॅरारबाईंचे नाव जोडलेले आहे. १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिली, तेव्हा ती अमेरिकेतील त्या सज्जनांना अर्पण केली, ज्यांनी निग्रो लोकांना दास्यातून सोडविले. त्यांतील पुष्कळ जण ज्या मॅसॅच्युसेट्सचे होते, त्याच वसाहतीने १६४१ च्या आपल्या कायद्यात गुलाम बाळगण्यास मुभा ठेवली होती.