न दिसणारें दुखणें



घरांतील एखादी बाई सकाळीं उठते तीच थकून. आज खांदे, उद्यां कंबर, परवां मांड्या. असें महिनोन् महिने चालतें. रक्त तपासलें, क्ष-किरणांनीं चित्र काढलें, तरी कांहीं निघत नाहीं. मग घरांत कुजबुज सुरू होते कीं, हें कामाच्या कंटाळ्याचें सोंग तर नव्हे? अशा दुखण्यांपैकीं एकाला वैद्यकशास्त्रांत फायब्रोमायाल्जिया असें नांव आहे. तें पुरुषांनाही होतें. परंतु निदान स्त्रियांत अधिक होतें.

पुणें जिल्ह्यांतील भिगवण येथें १९९६ सालीं डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घरोघर जाऊन सांध्यांच्या व स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी केली. ४०९२ प्रौढांपैकीं सुमारें १८ टक्के लोकांनीं दुखणें सांगितलें. आमवाताचे रोगी मात्र शेकडा एकाहूनही कमी निघाले. बाकीच्यांत सांध्यांची झीज होती, तशींच ठाम नांव न देतां येणारीं दुखणींही पुष्कळ होतीं.

हें घडतें कसें? आमच्या उदगीरच्या किल्ल्याच्या बुरुजावर एक पहारेकरी आहे असें समजा. शत्रू दिसतांच नगारा वाजवावा, हें त्याचें काम. परंतु वाटेनें जाणारी बैलगाडी पाहूनही तो नगारा बडवूं लागला तर? या रोगांत मज्जासंस्थेचें असेंच होतें. स्पर्श साधा असतो. जाणवते ती वेदना. शत्रू नसला तरी नगारा खराच वाजत असतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजांतील संशोधकांनीं २०२१ सालीं अशा रोग्यांच्या रक्तांतील प्रतिपिंडें उंदरांना टोंचलीं, तेव्हां ते उंदीरही दाब व थंडी यांना अधिक हळवे झाले. उंदरांना सोंग करतां येत नाहीं!

पूर्वीं, १९९० च्या अमेरिकन निकषांप्रमाणें, शरीरावरील १८ ठिकाणें दाबून त्यांपैकीं ११ दुखतात कीं काय, हें पाहत. २०१० पासून सर्वांगाची वेदना, थकवा, न भागणारी झोंप व विस्मरण यांची विचारपूस महत्त्वाची ठरली. म्हणजे रोग्याचें सांगणें हाच पुरावा झाला.

उपचारांत प्रेगाबालिन, ड्युलॉक्सेटिन अशीं औषधें कांहींना उपयोगी पडतात. तीं डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्यावींत. परंतु युरोपांतील संधिरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१६ सालीं जोरदार शिफारस केली ती एकाच उपायाची, व्यायामाची. प्रथम दहा मिनिटें चालावें, मग हळूहळू वाढवावें. झोंपेची वेळ पाळावी.

मी वैद्य नव्हे, जुना शाळामास्तर आहें. तरी एवढें सांगतों कीं, चालावयास निघालेल्या सुनेच्या हातांतलें काम तेवढा वेळ दुसऱ्या कोणीं उचललें, तर त्या घरांत उपचारास खरा आरंभ झाला असें समजावें.