राज्यकारभार पाहावयास निघालेली मुले



राज्यकारभाराच्या अभ्यासासाठी विद्यार्थ्यांना लंडनला नेणाऱ्याने पार्लमेंट अवश्य दाखवावे. परंतु ती टेम्सकाठची इमारत पाहून मुले दिपतात, शिकत थोडेच. त्यांना तेथील एखाद्या बरो कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, सभेत बसवावे. १९६० च्या कायद्याने अशा सभांना हजर राहण्याचा हक्क सामान्य जनतेस दिला. इंग्लंडात आज विषयपत्रिका पाच पूर्ण दिवस आधी प्रसिद्ध करावी लागते. लोकांना बाहेर ठेवावयाचे तर तसा ठराव करून कारण सांगावे लागते. ती पत्रिका मुलांनी आदल्या रात्री वाचलेली असावी, नाहीतर ती खुर्च्या मोजून परततील! ज्यांचे आजे चावडीच्या पायरीखाली उभे राहिले, त्यांना हे उघडे दार विशेष दाखवावे. परतल्यावर त्यांना आपल्या गावच्या ग्रामसभेत न्या, आणि तुम्हीही त्यांच्या शेजारी बसा.