रंग बदलणारे पाणी

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, पाचव्या दिवशी आरतीपूर्वी मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



बाहेर फळ्यावर 'चिरतारुण्याचे नवे उपाय' असा विषय लिहिला आहे. उपाय सांगायला कुणी डॉक्टर येणार, असे समजून आपण आला असाल तर क्षमा करा. आम्ही नवरा-बायको निवृत्त. एक बँकेतून, एक शाळेतून. बोलणार आहोत ते फसलेले गिऱ्हाईक म्हणून.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एक यंत्र घेतले. नळाच्या पाण्यात वीज सोडून ते पाणी 'अल्कलाइन' करते. किंमत दीड लाखाच्या वर. कुणी परका विकायला आला असता तर दारातूनच परत पाठवला असता. पण हे घडले ओळखीच्या घरी, चैत्रातल्या हळदीकुंकवाला. कैरीची डाळ आणि पन्हे झाल्यावर दोन पेले मांडले आणि त्यांत थेंब टाकले. नळाचे पाणी हिरवट झाले, यंत्राचे निळे-जांभळे. सगळ्या जणी 'अगबाई' म्हणाल्या. आम्हा दोघांपैकी जी तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवत होती, तिने हाच प्रयोग दरवर्षी वर्गात केला होता. चुन्याच्या निवळीनेही तोच रंग येतो! पण यजमानीणबाई आपल्यातल्याच, नाही कसे म्हणायचे?

वर्गात जे सांगायचो ते इथे सांगतो. जठरातल्या आम्लाचा पीएच साधारण १.५ ते ३.५ असतो, आणि पीएचचा एक अंक म्हणजे दहापट फरक. पेलाभर पाण्याचा अल्कधर्मीपणा तिथेच संपतो. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये राहतो, तो फुप्फुसे आणि मूत्रपिंडे सांभाळतात म्हणून. त्यासाठी यंत्र लागत नाही. कोलॅजेनच्या पुडीचेही तसेच: पोटात गेल्यावर ते इतर प्रथिनांसारखेच पचते, सरळ गालावर जाऊन बसत नाही.

तरी आम्हाला बरे वाटत होते, हे कबूल केले पाहिजे. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या ७२ वर्षांच्या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्यातली ताकद परत आली, असे विद्वानांच्या सभेत सांगितले. त्या अर्कात संप्रेरक जवळजवळ नव्हतेच. ते पाण्यात फारसे विरघळत नाही. पण औषध करणारे तेच, घेणारे तेच आणि गुण ठरवणारेही तेच. १८९४ मध्ये ते वारले. आमचेही तसेच झाले. शिवाय यंत्र आल्यापासून आम्ही पाणी जास्त पीत होतो आणि सकाळी फिरायला जात होतो. आणि दीड लाख दिल्यावर बरे वाटत नाही असे सांगणार तरी कुणाला?

इथपर्यंत नुकसान पैशाचेच होते.

आमचे थोरले दादा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे. आरतीला झांज त्यांचीच असायची. त्यांना आम्ही रोज दोन बाटल्या पाणी पोचवायचो. यंत्राबरोबर एक व्हॉट्सॲप गट मिळाला होता. कुणाच्या गोळ्या सुटल्या, कुणाची साखर उतरली, असे त्यावर रोज यायचे. आम्ही ते दादांना वाचून दाखवायचो. त्यांनी रक्तदाबाची गोळी कधी बंद केली, ते आम्हाला कळलेही नाही. श्रावणात एका सकाळी पूजेला बसताना त्यांचा उजवा हात उचलेना. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, गोळी का सोडली? दादा म्हणाले, "घरात रसायनाच्या बाई आहेत. त्या देतात म्हणजे विचार करूनच देत असतील."

ते आम्हाला अजून एक शब्दही बोललेले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

यंत्र सध्या माळ्यावर आहे. विकून टाका, असे सुचवणारे भेटतात. पण कुणाला विकायचे? ज्यांनी ते आम्हाला दिले, त्यांनीही कुणाच्या तरी शब्दावर घेतले होते, म्हणून त्यांच्यावर राग नाही. त्यांच्याकडे जाणे मात्र कमी झाले आहे, हे खरे.

आता थांबतो, आरतीची वेळ झाली. प्रसाद घेतल्यावर मागच्या खोलीत आपले डॉक्टर सभासद सगळ्यांचा रक्तदाब मोजणार आहेत. चालू गोळ्यांची चिठ्ठी जवळ असेल तर दाखवा. एखादी मनाने सोडली असेल तर तेही सांगा, कुणी रागावणार नाही. पहिल्या खुर्चीवर दादा बसणार आहेत.