शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा



दीर्घ व गंभीर आजार असलेल्या माणसांच्या घरच्या मंडळींनी एकत्र येऊन चालविलेले गट, हा आजचा विषय आहे. प्रथमदर्शनी तो वैद्यकाचा वाटेल. मी वैद्यक शिकलेले नाही. मी मराठीची विद्यार्थिनी आहे आणि अनुवादाचे काम करते. परंतु या विषयावरील मजकूर मराठीत आणू लागले की पहिल्याच पानावर अनुवादकाची वाट अडते. जेथे ती अडते, तेथूनच मी बोलावयास आरंभ करते.

रुग्णाला मराठीत शब्द आहे, वैद्याला आहे, परिचारिकेलाही आहे. पण रात्र रात्र उशाशी बसणारी आई, औषधांच्या वेळा सांभाळणारा भाऊ, नोकरी सोडून घरी राहिलेली बहीण, या सर्वांना मिळून कोणता शब्द वापरावा? ‘काळजीवाहू’ हा चांगला शब्द होता. पण तो राजकारणाने उचलला. तो उच्चारताच मुदत संपलेले सरकार डोळ्यांपुढे उभे राहते. अलीकडे पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटांच्या लेखनात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याचे करणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हटले जाते. हे शब्द व्यवहारात रुजतील की नाही हे काळच ठरवील. मात्र ज्यांना नाव नव्हते त्यांना नाव देण्याची गरज अशा गटांतच प्रथम जाणवली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आपला जुना शब्द आहे ‘शुश्रूषा’. संस्कृतातील ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो बनला. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. गुरूचे ऐकू इच्छिणारा शिष्य गुरूची सेवाही करतो, म्हणून सेवा हा अर्थ त्याला चिकटला, आणि पुढे आपण तो रोग्याच्या सेवेपुरता राखून ठेवला. जो दिवसरात्र दुसऱ्याचे ऐकतो, त्याचे ऐकून घेणारे कोणीतरी असावे, ही कुटुंबीयांच्या गटांमागची अगदी साधी कल्पना आहे. परंतु हे गट केवळ दुःख हलके करण्याच्या जागा आहेत असे समजणे अपुरे ठरेल. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या केलेल्या कुटुंबाला त्यांनी जाणकाराचे स्थान मिळवून दिले. हे कसे घडले ते एका आजाराच्या उदाहरणाने सांगते. तो आजार म्हणजे स्किझोफ्रेनिया.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे दर ३०० माणसांमागे एकाला हा आजार असतो. बहुधा तो ऐन तारुण्यात सुरू होतो. नसलेले आवाज ऐकू येणे, भलते संशय मनात घर करून बसणे ही त्याची लक्षणे पुष्कळांना ऐकून ठाऊक असतात. पण घरच्यांना अधिक थकविणारी लक्षणे निराळीच असतात. हुशार मुलगा अंघोळ करीत नाही, बोलत नाही, दुपारपर्यंत अंथरुणातून उठत नाही. हेही आजाराचेच लक्षण असते. परंतु पाहणाऱ्याला तो आळस वाटतो आणि शेजारपाजाऱ्यांना आईबापांचे लाड वाटतात.

दोष घरावर टाकण्यात शेजारी एकटे नव्हते. फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मूळच्या जर्मन व अमेरिकेत काम करणाऱ्या नामवंत मनोविश्लेषक. त्यांनी १९४८ साली एका लेखात, मुलात हा आजार उत्पन्न करणाऱ्या मातेची कल्पना मांडली. ती पुढे बरीच वर्षे पाश्चात्त्य मनोविकारशास्त्रात वावरत होती. आनुवंशिकता व मेंदूचे कार्य यांविषयीचे ज्ञान वाढले, आणि या कल्पनेला आधार नाही हे स्पष्ट झाले. तोपर्यंत असंख्य मातांनी तो आरोप मुकाट्याने सोसला. आपल्याकडे या सिद्धान्ताची गरजच नव्हती. पूर्वजन्मीचे पाप, कोणाची तरी करणी, सुनेचा पायगुण, आईची शिस्त नसणे, अशी कारणे तयारच होती. ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो. येथे ज्याचे जळत होते त्यालाच आग लावणारा ठरविले गेले.

या आरोपाला पहिले संघटित उत्तर वैद्यांकडून आले नाही. ते घरच्यांकडून आले. १९७० साली लंडनच्या ‘टाइम्स’ या दैनिकात जॉन प्रिंगल या गृहस्थांचा लेख प्रसिद्ध झाला. आपल्या मुलाला झालेला स्किझोफ्रेनिया आणि त्यामुळे कुटुंबाची झालेली ओढाताण त्यांनी त्यात सांगितली होती. तशाच अनुभवातून जाणारी कुटुंबे पुढे आली, आणि १९७२ साली ब्रिटनमध्ये नॅशनल स्किझोफ्रेनिया फेलोशिप ही संस्था उभी राहिली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन या गावी हॅरिएट शेटलर आणि बेव्हर्ली यंग या दोन माता एकमेकींना भेटल्या. दोघींच्याही मुलांना हा आजार होता. त्यांच्या गावातील गटाच्या पुढाकाराने १९७९ साली देशभरातील अशा गटांची परिषद मॅडिसनमध्येच भरली, आणि तिच्यातून ‘नामी’ या नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय संघटना जन्मास आली.

याच सुमारास संशोधनानेही वेगळी वाट धरली. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. ज्या घरी सतत टीका, राग किंवा जीव गुदमरेल इतकी काळजी होती, तेथे आजार पुन्हा उफाळण्याचे प्रमाण अधिक होते. हा निष्कर्ष पुन्हा घरच्यांना दोष देण्यासाठी सहज वापरता आला असता. ज्युलियन लेफ यांच्या गटाने मात्र त्यातून वेगळा प्रश्न काढला : काही कुटुंबे याच परिस्थितीत शांत कशी राहतात, आणि त्यांचे हे कसब इतरांना शिकता येईल काय? १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात कुटुंबांना आजाराची माहिती दिली गेली, त्यांच्या घरी भेटी दिल्या गेल्या, आणि नातेवाइकांचे गटही चालविले गेले. त्या गटांत त्रासून गेलेले आणि शांतपणे निभावणारे असे दोन्ही प्रकारचे नातेवाईक मुद्दाम एकत्र बसविलेले होते. ज्या कुटुंबांना हे साहाय्य मिळाले, त्यांतील रुग्णांचा आजार उलटण्याचे प्रमाण पुष्कळ कमी झाले. आजार घरामुळे होत नाही; पण घरच्यांच्या वागण्याने त्याची वाट सुकर होते किंवा बिकट होते, आणि ते वागणे शिकता येते. या दोन विधानांत जे अंतर आहे, तेच आरोप आणि साहाय्य यांच्यात आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. या बाबतीत भारताने पश्चिमेचे केवळ अनुकरण केले असे नाही. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना तेथे राहावयास बोलाविले. नातेवाईक उपचारात भाग घेत आणि रुग्ण सुधारताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही १९५७पासून रुग्णासोबत घरचे माणूस राहण्याची पद्धत सुरू झाली. चेन्नईत डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ साली ‘स्कार्फ’ ही संस्था स्थापन केली. रुग्णाच्या पुनर्वसनात कुटुंबाला सोबत घेणे हा तिच्या कामाचा भाग राहिला. चंदीगड येथे डॉ. नरेंद्रनाथ विग आणि लेफ यांच्या गटाने मिळून अभ्यास केला. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तेथील कुटुंबांत टीका व अतिकाळजी यांचे प्रमाण लंडनच्या मानाने कमी आढळले. सहनशीलतेची ही पुंजी आपल्याजवळ आहे. ती आपोआप टिकेल असे मात्र समजू नये.

मराठी वाचकांना या संदर्भात डॉ. जगन्नाथ वाणी हे नाव परिचित असेल. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात ते प्राध्यापक होते. पत्नीच्या आजाराविषयी उघडपणे बोलण्याचा मार्ग त्यांनी पत्करला, आणि १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. रुग्ण आणि कुटुंबीय यांचे स्वमदत गट हा तिच्या कार्याचा भाग झाला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ सालच्या ‘देवराई’ या चित्रपटाने हाच विषय घराघरांत नेला. त्यात आजारी भावाइतकीच त्याचे करणारी बहीणही महत्त्वाची आहे.

आणि कुटुंब एकटे पडले तर काय होते, तेही याच देशाने पाहिले आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली. तेथील मनोरुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. २८ जण मृत्युमुखी पडले. त्या माणसांना तेथे आणून सोडणारी कुटुंबे निर्दय होती, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण दर्ग्याच्या आधाराने का होईना, आपले माणूस बरे होईल या आशेने दूरदूरहून आलेले लोक त्यांत होते. जवळपास उपचार नाहीत, माहिती नाही, बोलावयास कोणी नाही, अशा स्थितीत माणूस जे करतो तेच त्यांनी केले.

असा गट प्रत्यक्षात चालतो कसा, हे आता सांगते. त्याला फारसे काही लागत नाही. पंधरा दिवसांतून किंवा महिन्यातून एकदा ठरलेला वार, ठरलेली वेळ, दहा-पंधरा खुर्च्या आणि वेळेचे भान ठेवणारा एक माणूस एवढे पुरते. नियमही थोडेच असतात. येथे ऐकलेले बाहेर नेऊ नये. एक बोलत असता दुसऱ्याने मध्ये बोलू नये. विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये. एकाच्या मुलाचे औषध दुसऱ्याच्या मुलाला सुचवू नये. ते काम डॉक्टरांचे. नवीन आलेल्यावर बोलण्याची सक्ती करू नये. काही जण पहिल्या दोन-तीन बैठकांत केवळ ऐकतात, आणि आपल्याच घरातील गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकून चकित होतात.

बोलणे बहुधा लहान गोष्टींनी सुरू होते. औषध जेवणातून नकळत द्यावे काय? मुलाला पैसे किती द्यावेत? पाहुणे आल्यावर काय सांगावे? लग्न केले की सुधारेल, असे मामा म्हणतात, त्यांना काय उत्तर द्यावे? या शेवटच्या प्रश्नावर अनुभवी माणसे फार ठामपणे बोलतात, कारण आजार लपवून लावलेल्या लग्नाची किंमत एक परकी मुलगी मोजते, हे त्यांनी पाहिलेले असते. मग केव्हातरी, बैठक संपत आली असता, एखादे वृद्ध जोडपे खरा प्रश्न विचारते : आमच्यामागे याचे कोण करणार? या प्रश्नाला तयार उत्तर कोणापाशीच नसते. परंतु तो मोठ्याने विचारला गेला की त्याचे तुकडे करता येतात. अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढले आहे काय? मृत्युपत्र झाले आहे काय? भावंडांशी कधी स्पष्ट बोलणे झाले आहे काय? नुसती काळजी करण्याकडून काळजी घेण्याकडे जाण्याची वाट अशा तुकड्यांनीच तयार होते.

या गटांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. गट हा औषधोपचाराला पर्याय नव्हे. एखादा बोलका सभासद सारी बैठक व्यापून टाकतो. ज्या स्त्रीवर सेवेचा सर्वांत अधिक भार असतो तिलाच घराबाहेर पडता येत नाही, कारण ती बाहेर पडली तर घरी बसणार कोण? बैठकीच्या दोन तासांपुरती दुसऱ्या कुटुंबातील कोणी तिच्या घरी थांबावे, अशी सोय केल्यावाचून गट पुरुषांचाच राहील. सर्वांत मोठी मर्यादा आणखी वेगळी आहे. कुटुंबाचे हित आणि रुग्णाचे हित नेहमी एकच असते असे नाही. २०१८ साली अंमलात आलेल्या २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ही गोष्ट ओळखली आहे. आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार त्याने रुग्णाला दिला, आणि तो प्रतिनिधी नातेवाईकच असला पाहिजे असे बंधन घातले नाही. त्याचबरोबर केंद्रीय व राज्य प्राधिकरणांवर काळजी घेणाऱ्यांच्या प्रतिनिधींनाही जागा दिली. एकेकाळी जिला रोगाचे कारण म्हटले गेले, ती आई आज धोरण ठरविणाऱ्यांच्या मेजाशी बसू शकते. मात्र तेथे रुग्णही बसला आहे, याचे विस्मरण तिला होता कामा नये.

शेवटी पुन्हा शब्दाकडे येते. जपानमध्ये या आजाराचे जुने नाव ‘दुभंगलेल्या मनाचा रोग’ अशा अर्थाचे होते. आपल्या ‘छिन्नमनस्कता’ या शब्दाचाही अर्थ जवळजवळ तोच. ते नाव इतके भयकारी होते की डॉक्टरही रुग्णाला निदान सांगण्यास कचरत. तेथील कुटुंबीयांच्या संघटनेने हे नाव बदलावे अशी मागणी १९९३ साली केली, आणि २००२ साली तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने ते खरोखरच बदलले. नव्या नावाचा आशय ‘मनोव्यापारांचा मेळ बिघडणे’ असा आहे. जे बिघडले ते पुन्हा जुळू शकते, ही आशा त्यात आहे. त्यानंतर तीनच वर्षांत, रुग्णाला निदान स्पष्ट सांगण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. शब्दकोश करणाऱ्यांना जे सुचले नाही ते घरच्या माणसांनी करून दाखविले.

आपणांपैकी बरेच जण ग्रंथालयांशी संबंधित आहात, म्हणून एक सूचना करून थांबते. मनोरुग्णालयाच्या पायऱ्या चढताना लोक आजूबाजूला पाहतात. ग्रंथालयाच्या पायऱ्या चढणाऱ्याला कोणी काही विचारीत नाही. तेथे खुर्च्या असतात, शांतता असते, आणि हलक्या आवाजात बोलण्याची सवय असते. महिन्यातून एका संध्याकाळी वाचनालयाने आपली एक खोली अशा कुटुंबांना दिली, आणि शेजारच्या कपाटात या आजारांवरील चार साधी पुस्तके ठेवली, तर त्यासाठी निधी लागणार नाही, ठरावही लागणार नाही. पहिल्या महिन्यात कदाचित दोनच माणसे येतील. दोन माणसांनी गट सुरू होतो. मॅडिसनमध्ये तो तसाच सुरू झाला होता.