घर आणि शाळा यांमधील दुवा

(वाराणसी येथील राजा घाटावर शिक्षणक्षेत्रातील कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



ज्या घाटावर आज आपण जमलो आहोत, त्याचे मराठी मनाशी जुने नाते आहे. अमृतराव पेशव्यांनी या घाटाची दगडी बांधणी करवली आणि त्यांच्याच नावाने तो पूर्वी ओळखला जाई. त्या काळी काशीत विद्येसाठी येणाऱ्या विद्यार्थ्याला गुरू मिळे; परंतु केवळ गुरू मिळून भागत नसे. दोन वेळचे अन्न, निवारा आणि आजारपणात विचारपूस करणारे कोणीतरी लागे. दात्यांनी चालविलेली अन्नछत्रे आणि वाडे ही गरज भागवीत. या व्यवस्थेचे मोल मोठे होते. पण ती दात्याच्या इच्छेवर अवलंबून होती आणि मुख्यतः एका वर्गातील मुलग्यांपुरती मर्यादित होती. नावाड्याचा मुलगा किंवा विणकराची मुलगी तिच्या कक्षेत नव्हती.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाचा हक्क कायद्याने मान्य झाला. शाळेत दुपारचे भोजन मिळू लागले, पाठ्यपुस्तके मिळू लागली. तरीही एक प्रश्न उरतो. मूल शाळेत आले नाही, तर त्याच्या दारापर्यंत जाणार कोण?

गैरहजेरीमागील घर

हजेरीपटावर सर्व अनुपस्थित मुले सारखीच दिसतात. प्रत्यक्षात एक मूल घाटावर दिवे-फुले विकत असते, दुसरे घरच्या हातमागाजवळ बसलेले असते, तिसरे आई-वडिलांबरोबर वीटभट्टीवर गेलेले असते, तर चौथी मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळत असते. गंगा आणि वरुणेला पूर आला की काठावरील कुटुंबांचे बिऱ्हाड हलते आणि कित्येकदा शाळेचीच इमारत मदत-शिबिर बनते. कारणे निरनिराळी आहेत, म्हणून उपायही निरनिराळे असले पाहिजेत. कोणता उपाय योग्य, हे घरी गेल्यावाचून कळत नाही.

याच कामासाठी समग्र शिक्षा या २०१८ पासूनच्या एकत्रित योजनेत जिल्हा स्तरावर समन्वयकांची व्यवस्था आहे. उत्तर प्रदेशात सामुदायिक सहभाग, बालिका शिक्षण आणि दिव्यांग मुलांचे समावेशक शिक्षण यांसाठी स्वतंत्र जिल्हा समन्वयक असतात. विशेष शिक्षक शाळाशाळांतून फिरून दिव्यांग मुलांना व त्यांच्या पालकांना मार्गदर्शन करतात. गणवेश, दप्तर व बुटांसाठीची रक्कम २०२१ पासून थेट पालकांच्या बँक खात्यात जमा होऊ लागली. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु आधार क्रमांक खात्याशी जोडलेला नसेल, तर रक्कम अडते. अशा वेळी निरक्षर आईला बँकेपर्यंत नेणारी व्यक्ती हाच त्या योजनेचा खरा शेवटचा टप्पा असतो.

महाराष्ट्राचा अनुभव

आपल्यापैकी अनेकांचे मूळ महाराष्ट्रात आहे, म्हणून तेथील एक उदाहरण सांगतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. शैक्षणिक वर्षाचा मोठा भाग मूल गावाबाहेर असते. यावर गावातच हंगामी वसतिगृहे चालविण्याचा, तसेच जाणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड देण्याचा मार्ग काढण्यात आला. हे कार्ड पाहून नव्या गावच्या शाळेने मुलाला त्याच्या वर्गात बसवून घ्यावे, ही कल्पना. २०१७ च्या सुमारास बालरक्षक ही संकल्पना पुढे आली आणि शाळाबाह्य मुलांचा शोध घेण्यास अनेक शिक्षक स्वेच्छेने पुढे सरसावले.

या प्रयत्नांतून एक बोध मिळतो. कुटुंब गाडीत बसण्यापूर्वी कोणी त्याच्याशी बोलले, आजी-आजोबांना विश्वासात घेतले, तर मूल मागे राहू शकते. गाडी निघून गेल्यावर भरलेला तक्ता केवळ नोंद ठरतो.

समिती कागदावर नको

अधिनियमाच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असतात. शाळा विकास आराखडा तयार करणे हे याच समितीचे काम आहे. परंतु रोजंदारीवर जाणाऱ्या आईला सकाळी अकराची बैठक परवडत नाही. ती येत नाही, याचा अर्थ तिला आस्था नाही असा आपण लावतो आणि घरी सहीसाठी वही पाठवतो. बैठक तिच्या वस्तीत, तिच्या सवडीने आणि तिच्या बोलीत घेऊन पाहा. शौचालयाला दार नाही, म्हणून मुलगी येत नाही, हे तीच सांगेल.

माझे म्हणणे थोडक्यात असे: गट, केंद्र आणि जिल्हा स्तरावरील या कर्मचाऱ्यांचा वेळ माहिती-संकलन, अहवाल आणि बैठकांत संपू देऊ नये. त्यांच्या आठवड्यातील काही दिवस गृहभेटींसाठी राखून ठेवावेत आणि त्यांचे मूल्यमापन किती तक्ते भरले यावरून नव्हे, तर किती मुले परतली व टिकली यावरून व्हावे. अनेक जण अल्प मानधनावर, कंत्राटी पद्धतीने काम करतात. ओळख वर्षानुवर्षांच्या येण्याजाण्याने जुळते; माणूस दरवर्षी बदलला, तर विश्वासही पुन्हा शून्यापासून मिळवावा लागतो.

एके काळी या नगरीत विद्यार्थ्याची काळजी घेणे हे पुण्यकर्म होते. आज ते शासनाचे कर्तव्य आणि बालकाचा हक्क आहे. मात्र पुण्यकर्मात जी आपुलकी होती, ती कर्तव्य पार पाडताना हरवू नये, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.