धातूच्या पट्टीचा स्वर

पडेगांवच्या आमच्या घरीं संध्याकाळीं, दौलताबादकडे जाणाऱ्या वाहनांचा गलबला ओसरला म्हणजे, मी एक अमेरिकन ध्वनिमुद्रिका लावतों. वडील ख्यालगायनाचे भोक्ते. पहिल्या दिवशीं त्यांनीं एवढेंच विचारलें, "ह्यांत मींड कोठें आहे?"

आक्षेप खोटा नव्हे. व्हायब्राफोन म्हणजे ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची ओळ. तिजवर टिपऱ्यांनीं आघात करावयाचा. नातेंच सांगावयाचें तर तें आपल्या जलतरंगाचें. मींड नाहीं ह्या दोषास्तव नभोवाणीनें १९४० सालीं हार्मोनियमला दार बंद केलें व पुढें कित्येक वर्षें तें उघडलें नाहीं. मग ह्या बिचाऱ्या पट्ट्यांची काय कथा!

पट्ट्यांखालच्या नळ्यांच्या तोंडाशीं विजेच्या मोटारीवर चकत्या फिरतात. त्यांमुळें स्वराला आंदोलन मिळतें. लायोनेल हॅम्प्टनच्या वाद्यांत तें सेकंदाला सुमारें दहा वेळां होई. मिल्ट जॅक्सननें तें तीनाच्या आसपास आणलें. केवळ एवढ्यानें धातूचा स्वर गात्या कंठासारखा लांबूं लागला. डेट्रॉइटमध्यें वाढलेला हा वादक लहानपणीं भक्तिगीतें गात असे. तें गाणें हातांत उतरलें असावें, असें मला वाटतें.

मी लावतों ती 'बॅग्ज मीट्स वेस'. बॅग्ज हें जॅक्सनचें टोपणनांव. वेस म्हणजे नखीऐवजीं आंगठ्यानें गिटार छेडणारा वेस माँटगोमेरी. रिव्हरसाइड कंपनीसाठीं डिसेंबर १९६१ मध्यें हें वादन मुद्रित झालें. मॉडर्न जाझ क्वार्टेटमधला जॅक्सन मला किंचित् दरबारी वाटतो. येथें तो मनमोकळा आहे. (जाझ आपल्याला अगदींच परकें नव्हे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत 'चिक चॉकलेट' ह्या नांवानें ट्रंपेट वाजविणारे अँटोनियो वाझ गोव्याचेच.)

'एस. के. जे.' ही चीज ब्लूज पद्धतीची. बारा खंड, प्रत्येकांत चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचें आवर्तन. एकेक वादक तेंच आवर्तन नव्यानें भरतो. चौथ्या-पांचव्या दिवशीं पाहतों तों वडिलांचा हात मांडीवर ठेका धरीत होता. एकदां आवर्तन संपतांना ते मान हलवून म्हणाले, "आला समेवर."

'स्टेअरवे टु द स्टार्स' ही मात्र संथ रचना. तिच्यांत जॅक्सन एक स्वर ठेवतो आणि तो विरेपर्यंत पुढच्याला हात घालीत नाहीं. मींड तेथेंही नाहीं, हें वडील अजून बजावतात. परंतु दिवे मालवण्यापूर्वीं तीच पुन्हां लाव, असें हल्लीं तेच सांगतात.